मडमच्या गाऊनची पाठ

मास्तरांचं वर्णन पाठीपासून सुरू करावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. ओळख झाल्यावर कितीतरी वर्षं मी त्यांची फक्त पाठच पाहिली. राखाडी शर्ट, मानेवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी पिवळी टेप, पांढरी जाळीची टोपी आणि मेंदी लावलेली दाढी. ही दाढी इतकी ऐसपैस होती की मागूनसुद्धा कानाच्या डावी-उजवीकडे थोडी थोडी दिसायची. बाईमाणूस दुकानात शिरलं की मास्तर गर्रकन भिंतीकडे तोंड करत आणि भिंतीला म्हणत, "बोला."

रियाधच्या अल मलाझमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, त्यांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. ते तिशीही न गाठलेले असताना इथे आले तेव्हा बायकांना शिंप्याच्या दुकानात पाऊल ठेवायला मनाई होती. दाराशेजारी एक खिडकी, खिडकीला पडदा. पडद्याखालून कापड आणि मापाचा जुना कपडा आत जायचा, शिवलेला कपडा बाहेर यायचा. पुढे काळ बदलला. बायका गाड्या चालवायला लागल्या, दुकानात थेट आत येऊन भाव करायला लागल्या. मास्तरांची मान मात्र होती तिथेच राहिली. "कायदा बदलला गो बाय," ते भिंतीला सांगत, "पन मानेला कोन सांगनार?"

मला 'बाय' म्हणायला त्यांनी सुरुवात केली ती मी मराठीत तोंड उघडलं त्या क्षणापासून. ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, मी नाशिकची, बँकेत आकडेमोड करणारी. आपल्याकडे असतो तर एकमेकांचं बोलणं ऐकून गालात हसलो असतो. इथे एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

माप घ्यायची त्यांची पद्धत अशी: टेप गळ्यातून काढायची, खांद्यावरून मागे फेकायची, बाईने ती झेलून आपलं माप आपणच घ्यायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. माझा पहिला कुर्ता शिवून आला तेव्हा त्यात माझ्यासोबत माझी लेकसुद्धा आरामात मावली असती. मी तणतणत दुकानात गेले.

"मास्तर, हा कुर्ता आहे की मांडव?"

"कमर किती सांगितलेलीस?"

मी सांगितली.

"मग बरोबर हाय. मी दोन इंच वाढवले."

"का पण?"

"बाई कमर सांगते ती दोन इंच कमी करून. येवढ्या वर्षांत एकीने खरी सांगितली नाय. खोटा आकडा सांगताना बाईचा आवाज थोडा वर जातो, मना बरोबर कळतं. तुझा गेला नाय, म्हनून मना वाटलं होतंच की कायतरी गडबड हाय. तू काय खरी सांगितलीस?"

"अर्थात!"

पाठीने टेप परत गळ्यात अडकवली. "मग चूक तुझी," ती म्हणाली.

मास्तर नुसत्या भिंतीकडे बघत नाहीत हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या-चौथ्या खेपेला. त्यांच्या समोर, दोऱ्यांच्या रिळांच्या फळीवर, एक लहानसा जाडजूड टीव्ही होता. आवाज बंद. त्यात एक गोरी बाई हळूहळू हातमोजा काढत होती. मी कापड दिलं, अस्तराबद्दल बोलले, माप घेतलं, बाहीची लांबी ठरली, तरी तिचा हातमोजा निघाला नव्हता.

"ही कोण?" मी विचारलं.

"मडम," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे काही होतं त्यामुळे मी नकळत पदर सावरला. अंगात जीन्स होती.

ही मडम म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या जमान्यातली एक नटी. नाव मी सांगत नाही. मास्तरांनी ते आयुष्यात कधी उच्चारलं नाही, मग मीच का आगाऊपणा करू? तिने पडद्यावर पहिला प्रियकर गमावला तेव्हा मास्तरांचा जन्मही झाला नव्हता. पण तिचा झाडून सगळा संसार त्यांच्या दुकानात कॅसेटींच्या रूपात नांदत होता, आणि तो चालू राहावा म्हणून त्यांनी दोन मेलेल्या व्हीसीआरचे अवयव काढून तिसऱ्याला जगवला होता.

मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. खाली अरबी अक्षरं यायची, ती भराभर वाचता येत नव्हती. तेव्हा त्यांना पिक्चर कळायचा तो कपड्यांवरून. पिक्चरांची नावंही त्यांनी आपली आपण ठेवली होती. एक 'काळ्या मखमलीचा', एक 'फरच्या कोटाचा', एक 'नर्सच्या एप्रनचा'. आणि सगळ्यांत वरचा, हात धुऊनच ज्याच्या कॅसेटला स्पर्श करायचा तो 'जिन्याचा'.

मडमच्या कामाबद्दल मास्तर बोलायला लागले की इस्त्री थांबायची. "सुरुवातीला मडमला कोन विचारत नव्हतं," ते सांगत. "दुसऱ्या हिरॉइनच्या मागे ट्रे घेऊन उभी. अर्धं मिनिट. पन टोपी बघ तिची! बाकीच्यांनी टोपी घातलेली हाय, मडम टोपी सांभाळते हाय. गरीब घरची पोरगी, टोपी मालकिनीची, हरवली तर नोकरी गेली. हे कोनी तिला शिकवलं? कोनी नाय." मग मडम मोठी झाली आणि तिच्या दुःखांना सुमार राहिला नाही. तिचा जीव जडायचा तो नेमका नको त्या माणसावर. लग्न झालेला डॉक्टर, आंधळा होत चाललेला पियानोवाला, युद्धावर निघालेला पायलट. "पायलट मडमला लाभत नाय," मास्तर खेदाने म्हणत. आमच्या गावच्या मुलीला मंगळ आहे असं सांगावं तसं.

पुढे वय झालं तशी मडमला आईची कामं दिली. चाळिशीच्या बाईला मिशीवाला मुलगा! हे पिक्चर मास्तर बघायचे, पण पाहुण्यांना दाखवायचे नाहीत. "क्यामेरा लांब ठेवलाय बघ मेल्यांनी," ते पुटपुटत. "मडमच्या तोंडावर जाळी धरलीय. पन हातांवर जाळी धरायला विसरले. हात बघ. त्या हातांनी अजून पायलटला सोडलेला नाय." मी बघितलं. मुलाच्या लग्नात मडम खुर्चीवर बसली होती आणि मांडीवर ठेवलेल्या रुमालाची घडी उगाच मोडून पुन्हा घालत होती.

रडण्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. मी तो बँकेतल्या कितीतरी जणींना ऐकवला आहे. "आपल्या पिक्चरात दुःख झालं की बाई रडते," ते म्हणत. "मडम नाय रडत. तार येते, पायलट खलास. मडम तार वाचते, घडी घालते, टेबलावर ठेवते. लोक येतात, जातात. मडम ताठ. मग कोनतरी म्हातारी मोलकरीन चहा घेऊन येते आनि विचारते, साखर किती? तेव्हा मडम रडते. दुःखाला मानूस तयारीत असतो गो बाय. साखरेला नसतो."

स्वतः मास्तर चहात चार चमचे साखर घ्यायचे. कोपऱ्यावरचा चहावाला ती न विचारताच घालून पाठवायचा. कप धरतानाही त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचा तो अंगुस्ताना असायचा. फक्त नमाजाआधी वजू करताना, हातपाय धुताना, तेवढा निघायचा.

मास्तरांकडून पिक्चरची गोष्ट ऐकणं हा एक सोहळा होता, पण त्या गोष्टींमध्ये एक अडचण होती. त्या काळी इथे थिएटर नव्हतं. कॅसेटची दुकानं होती, आणि कॅसेट दुकानात यायच्या आधी कुणीतरी तिच्यावर कात्री चालवलेली असे. मास्तर त्या अज्ञात इसमाला 'तो दुसरा टेलर' म्हणत. त्या दुसऱ्या टेलरच्या कृपेने मास्तरांच्या गोष्टी अशा व्हायच्या: "बागेत चांदनं पडलेलं. पियानोवाला मडमच्या जवळ येतो. मडम त्याच्याकडे बघते. तो मडमकडे बघतो. आनि एकदम सकाळ होते."

"एकदम?"

"एकदम. कोंबडा पन नाय आरवत." मग सुईत दोरा ओवत, "मडमच्या पिक्चरात अशी जाम वेळा सकाळ होते. शहान्याने समजून घ्यावं."

आमच्या घरात हा वाक्प्रचारच झाला. टीव्हीवर काही तसलं दिसू लागलं की माझा नवरा रिमोट शोधत म्हणायचा, "मुक्ता, तू पाणी आण, सकाळ होतेय." मुक्ता म्हणजे आमची लेक. तेरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये शिकणारी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत देणारी.

आता 'जिन्याच्या' पिक्चरबद्दल. मास्तरांना रियाधला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांना पंजाबी ड्रेस, परकर आणि शाळेचे गणवेश एवढंच शिवता येत होतं. एक दिवस त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि मास्तरांचा इकामा (राहण्याचा परवाना) दोन्ही होतं तो सौदी मालक, टीव्ही, व्हीसीआर आणि एक कॅसेट घेऊन आला. बायकोचा निरोप होता: माझ्या बहिणीचं लग्न आहे, ह्या पिक्चरात बाई जिन्यावर उभी राहते तेव्हा अंगात असतो तो गाऊन हवा. तसाच्या तसा.

मास्तरांनी दुकानाचं दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मडमला बघितलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर मडम उभी. पांढरा गाऊन, होडीसारखा गळा, कोपरापर्यंत मोजे. खाली नवरा. मडम त्याच्याकडे बघते, बघत राहते, मग तिचा डावा खांदा वळायला लागतो. आणि खलास! पुढच्याच क्षणी सकाळ, मडम रेल्वे स्टेशनवर, अंगात ओव्हरकोट, हातात बॅग.

पुढची बाजू कळली. पाठ कुठे होती? खांदा वळला म्हणजे मडमने पाठ फिरवली. ती उघडी असणार, म्हणून त्या दुसऱ्या टेलरने कापली, असं मास्तरांनी ताडलं. त्यांनी कॅसेट इतक्या वेळा मागेपुढे केली की जिन्याच्या जागी नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. पाठ काही सापडली नाही. कफिलाला विचारायची सोय नव्हती, त्याच्या बायकोला तर नव्हतीच.

"मग मी मशीन बंद करून विचार केला," मास्तर मला सांगत होते, आणि एवढ्या वर्षांनंतरही त्यांची पाठ ताठ झाली होती. "मडम नवऱ्याला सोडून चाललीय. अशा बाईच्या पाठीला काय असेल? झिप? झिप म्हंजे एक झटका आनि खलास. नवरा असा सुटत नाय. एकेक बटन सोडवावं लागतं. मानेपासून कमरेपर्यंत बटनं लावली. कापडाने मढवलेली, हरभऱ्यायेवढी. एकेकाला दोऱ्याचा फास. ती पाठ फिरवेल तेव्हा नवऱ्याला दिसलं पायजे, हिने हे सगळं एका दिवसात नाय ठरवलं."

लग्नानंतर कफिलाच्या बायकोने परातभर कबसा, म्हणजे तिकडचा मटणभात, पाठवला आणि सोबत निरोप, की पाठ अगदी सिनेमातल्यासारखी झाली आहे. तिनेही तीच कापलेली कॅसेट बघितली होती, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग त्या बहिणीच्या नणंदेला तस्साच हवा झाला, नणंदेच्या जावेला हवा झाला, जावेच्या भाचीला हवा झाला. मलाझमध्ये लग्न ठरलं की आधी मास्तरांच्या खिडकीशी गाडी थांबायची. पडद्याआडून मास्तर प्रत्येकीला एकच सांगायचे, "हा मडमचा गाऊन. मडमने घातला, तसाच."

आणि गंमत बघा, त्यातला एकही गाऊन चालताना त्यांनी पाहिला नव्हता. इथे लग्नात बायकांचा हॉल वेगळा. दारातच मोबाइल काढून घेतात, त्यामुळे फोटोही बाहेर येत नाही. हॅंगरवर लटकलेला गाऊन तेवढा त्यांचा, अंगावरचा त्यांचा नव्हे. त्यांनी मडमचा गाऊन घातलेली बाई उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे मडम, तीही समोरून.

माझ्या ऑफिसातल्या नूराने लग्नाचं आमंत्रण दिलं आणि तिचा गाऊन मास्तरांकडेच शिवायला आहे असं कळलं, तेव्हा मास्तर इतके उतावीळ झाले की भिंतीकडे तोंड असूनही जागच्या जागी दोनदा वळले. "जा आनि पाठ बघून ये," त्यांनी हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल द्यायला गेले. "फार छान दिसत होती हो."

"छान काय गो? छान तर उशीची खोळ पन दिसते. जिना उतरताना बटनं एका रेषेत होती का? बसली तेव्हा तिसरं तानलं का? रडली का? रडताना पाठ हलते, तेव्हा काय झालं?"

मी आठवून आठवून सांगितलं. आईच्या गळ्यात पडून नूरा रडली तेव्हा बटणं वरून खालपर्यंत थरथरत गेली हे ऐकून मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. मग मी उरलेलंही सांगितलं. "एक बटण सुटलं होतं मास्तर."

"कितवं?"

"खालून चौथं."

आता ह्यांना वाईट वाटलं म्हणून मी स्वतःला बोल लावत होते, तेवढ्यात पाठ म्हणाली, "तू खरं सांगतेस. तुझा आवाज वर जात नाय. आता तूच माझे डोळे." ह्या नेमणुकीचा मला जितका आनंद झाला तितका बँकेतल्या बढतीचा झाला नव्हता.

यंदा मास्तरांचा मुक्काम हलायची वेळ आली. म्हातारा कफील गेला. त्याच्या मुलाला दुकानाच्या जागी कॉफी शॉप काढायचं होतं. रियाधमध्ये हल्ली काहीही बंद झालं की तिथे कॉफी निघते. मास्तरांचा खुरूज निहाई, म्हणजे कायमचा परत जायचा शिक्का, झाला. गावी फोन केला तर त्यांच्या बायकोने विचारलं म्हणे, "एकटेच येताव की ती मडम पन येते हाय?"

त्याच आठवड्यात मुक्ताने शोध लावला. मॉलमधल्या थिएटरात जुन्या इंग्रजी सिनेमांचा आठवडा होता, आणि त्यात 'जिन्याचा' होता. मोठ्या पडद्यावर, अख्खा, न कापलेला. आम्ही दोघी धावतच दुकानात गेलो. मास्तरांनी ऐकलं आणि ते रिळं खोक्यात भरत राहिले.

"अंकल, थिएटर नहीं जाना तो आय कॅन शो यू राइट नाऊ," म्हणत मुक्ताने मोबाइल पुढे केला. दोन मिनिटांत तिने तो पिक्चर काढला होता. मास्तरांनी न बघता पडद्यावर पंजा ठेवला.

"येवढीशी मडम? मडम काय तुरीची डाळ हाय?"

"मग थिएटरात चला ना," मी म्हटलं.

"मना टायम नाय."

खोटं बोलताना मास्तरांचाही आवाज वर जातो हे मला त्या दिवशी कळलं. मी मुक्ताला चहा सांगायला पिटाळलं आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. चारेक रिळं भरून झाल्यावर भिंतीकडून आवाज आला.

"बाय, झिप असली तर?"

त्यांनी दोऱ्याचं टोक रिळात खोचलं.

"किती पोरींना सांगितलं मी, हा मडमचा गाऊन, तसाच. झिप निघाली तर सगळ्यांना खोटं सांगितलं. कयामतच्या दिवशी विचारलं, तर काय सांगू? कॅसेट कापलेली होती, म्हनू? इथून जायला सतरा दिवस हायत. न बघता गेलो तर निदान मना माहीत नाय, येवढं तरी राहील."

"आणि बटणं निघाली तर?"

दाढी दोन्ही बाजूंनी हलली. "तर," ते हळूच म्हणाले, "मी मडमच्या मनातलं ओळखलं, असं होईल."

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. ते येणार, पिक्चर बघणार. जिना आला की डोळे मिटणार. पाठ मी बघायची आणि काय असेल ते सांगायचं. खरं. बटणं तर बटणं, झिप तर झिप. मी हो म्हटलं. मला खोटं सांगायची सोयच ठेवली नव्हती ह्या माणसाने.

शनिवारी दुपारच्या खेळाला मी गाडी काढली. मास्तर स्वतः शिवलेला तपकिरी कोट घालून मागच्या सीटवर बसले. गाडी मी चालवत असल्यामुळे ह्या वेळी पाठ माझी होती आणि बघणारे ते. सिग्नलला मागून आवाज आला, "कुर्त्याचा खांदा उतरलाय. जायच्या आधी दे, नीट करून देतो."

थिएटरात बसायच्या आधी त्यांनी खुर्चीची शिवण तपासली ("कच्ची") आणि मुक्ताने दिलेला पॉपकॉर्नचा डबा मांडीवर धरून ठेवला. मी मधे, एका बाजूला मुक्ता, एका बाजूला मास्तर. अंधार झाला, आणि भिंतीएवढा मडमचा चेहरा उजळला. "अस्सलामु अलैकुम," मास्तर आदबीने म्हणाले. पुढच्या ओळीतला एक गृहस्थ वळून "वालेकुम अस्सलाम" म्हणाला.

पहिला अर्धा तास ते लहान मुलासारखे झाले होते. टोपी आली की माझ्या खुर्चीच्या हाताला टिचकी, हातमोजा आला की टिचकी. मग बागेतला प्रसंग आला. चांदणं. पियानोवाला मडमच्या जवळ गेला. मडमने त्याच्याकडे बघितलं. मास्तर मागे टेकून सकाळची वाट बघू लागले. सकाळ झाली नाही. मडम आणि तो आणखी जवळ आले.

"बाय!" मास्तर घाबरून कुजबुजले. "सकाळ होत नाय गो!"

मुक्ता खुर्चीतून खाली घसरेपर्यंत हसली. मास्तरांनी मान खाली घातली आणि पुढची दोन मिनिटं एकेक लाही निरखून बघितली.

आणि मग जिना आला. मडम वरच्या पायरीवर उभी राहिली. तो गाऊन इतका शुभ्र होता की पुढच्या ओळीतल्या लोकांच्या डोक्यांवर उजेड पडला. मास्तरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. बोटांच्या फटीतून काही दिसू नये म्हणून वर रुमाल धरला.

"सांग, बाय."

मडम नवऱ्याकडे बघत होती. बघत राहिली. तिचा डावा खांदा वळायला लागला. मी पुढे सरकले. खांदा वळला, गळ्याची कड दिसली, आता पाठ दिसणार, आता दिसणार. तेवढ्यात खालून नवऱ्याने हाक मारली. मडम थांबली. खांदा परत फिरला. नवरा धडाधड पायऱ्या चढून वर आला आणि पुढे जे झालं ते फारच वेळ चाललं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"बटनं का झिप?" मास्तरांनी विचारलं, आणि उत्तर येईना तेव्हा अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं विचारलं, "बटनं का झिप गो?"

"मम्मा," मुक्ता म्हणाली, "देअर इज नो बॅक."

"मास्तर, पाठ नाहीच!" मला हसू आवरेना, रडूही. "दाखवलीच नाही पाठ! डोळे उघडा, लवकर उघडा!"

त्यांनी रुमाल बाजूला केला, हात काढले, डोळे उघडले. पडद्यावर रेल्वे स्टेशन होतं. सकाळ झाली होती. मडम ओव्हरकोट घालून बॅग घेऊन उभी होती.

पिक्चर संपला. आम्ही बाहेर आलो. मॉलच्या दाराशी चहाची टपरी होती, तिच्यासमोरच्या बाकावर मास्तर बसले, अर्थातच माझ्याकडे पाठ करून. मुक्ता चहा आणायला गेली.

"नीट सांग," पाठ म्हणाली. "खांदा वळला, मग?"

"मग नवऱ्याने हाक मारली. ती परत फिरली. तो वर आला. आणि..." नाशिकच्या संस्कारांनी माझी जीभ धरून ठेवली. "आणि एकदम सकाळ झाली."

मास्तर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग टोपी, मग सगळा बाक. "म्हंजे त्याने पाठ नाय कापली! सकाळ करन्यासाठी कापलं मेल्याने! आनि मी येवढी वर्षं..." मीही पोट धरून हसत होते. पलीकडच्या बाकावरचं एक सौदी कुटुंब उगाचच आमच्याबरोबर हसायला लागलं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग पाठ कोनाची गो?"

"तुमचीच, मास्तर. मडमकडे नव्हती. ती कुणीच बघितली नव्हती. ह्या गावातल्या सगळ्या नवरीमुलींच्या पाठीवर होती ती तुम्ही एकट्याने काढलेली."

"खरं सांगतेस?"

"आवाज वर गेला का?"

"नाय," ते म्हणाले. "नाय गेला."

ते ताठ बसून राहिले, रस्त्यावरच्या गाड्या बघत. मघाचं हसू तेवढं दाढीच्या कडांना राहिलं होतं. मला वाटलं, झालं, सुटला बिचारा. मुक्ता टपरीवरून वळली. तिला काय ठाऊक, ती आपली सहज ओरडली, "अंकल, शुगर कितना?"

मास्तर एकदम माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मी समोरून, दिवसाच्या उजेडात बघत होते, आणि तो डोळ्यांपासून दाढीच्या टोकापर्यंत भिजलेला होता. त्यांनी हात वर करून मुक्ताला चार बोटं दाखवली. त्यातल्या एकावर अंगुस्ताना होता.